पक्का रंग, कच्चा हिशेब : बडोद्याच्या रंगविद्येची दुसरी बाजू

बडोद्याच्या मराठी घरांत कलाभवनाचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा आवाज जरा चढतोच. चढावा असंच ते काम आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली ही संस्था काढली, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर तिचे पहिले प्रमुख झाले आणि कारागिरांच्या मुलांना देशी भाषेतून यंत्रविद्या, सुतारकाम, विणकाम, रंगविद्या शिकवायला सुरुवात झाली. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. हा सगळा इतिहास आपण अनेकदा सांगितला आहे. आज मात्र त्यातला एकच धागा धरून पुढे जायचं आहे. तो धागा रंगाचा. तो आपल्याला अशा ठिकाणी नेतो, जिथे अभिमान सांभाळून खरं बोलावं लागतं.

गज्जरांच्या आधी आपल्याकडे रंग शेतात पिकत असे. तांबड्यासाठी आल, निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद, गुलाबीसाठी कुसुंबा. आलेचं झाड लावल्यावर मुळं खणण्याजोगी व्हायला तीन वर्षं तरी लागत. माळवा, बुंदेलखंड, खानदेश या भागांत तिची शेती होती, आणि खारव्याचा तो ओळखीचा तांबडा रंग तिचाच. कापड तेलात मळणं, तुरटी देणं, उकळणं, नदीवर धुणं असं काम दिवसेंदिवस चाले.

मग विलायतेत रसायनशास्त्राने उडी घेतली. 1856 साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून क्विनीन करायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी अ‍ॅलिझरिन, म्हणजे मंजिष्ठेच्या जातीच्या विलायती झुडपाच्या मुळातला तांबडा रंग, प्रयोगशाळेत तयार केला. 1897 मध्ये जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. डब्यातला हा रंग स्वस्त होता आणि तासाभरात चढत होता. आलेची शेती त्यापुढे टिकणं शक्यच नव्हतं.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं मात्र इथे म्हणायचं नाही. निळीच्या मळ्यांनी बंगाल-बिहारच्या रयतेचे काय हाल केले, हे चंपारणच्या 1917 च्या लढ्यामुळे सर्वांना माहीत आहे. निळीची सक्ती पुढे सुटली, त्यात कृत्रिम निळीचाही वाटा होता. म्हणजे त्याच शोधाने एकाचं पीक बुडवलं आणि दुसऱ्याच्या मानेवरचं जू हलकं केलं.

गज्जरांनी हे वारं अचूक ओळखलं. रंगारी समाज नव्या रंगांपासून दूर राहिला तर धंदा कायमचा परक्यांच्या हाती जाईल, म्हणून त्यांनी रासायनिक रंगांचं शिक्षण दिलं, ‘रंगरहस्य’ नावाचं नियतकालिकही काढलं. त्यांच्या हातगुणाची एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगायला हवी. 1896 साली चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. ते डाग काही केल्या निघेनात, तेव्हा ते काढले गज्जरांनी! पुढे 1907 मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक सुरू केलं. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मन रंगांची आवक तुटली आणि आपला रंग आपणच करायला हवा हे देशाला कळून चुकलं.

स्वातंत्र्यानंतर ती इच्छा पुरी झाली. 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल सापडलं, 1965 मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, तिच्या शेजारी खताचा आणि पेट्रोरसायनांचा कारखाना आला, नंदेसरीला लहान-लहान रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली. त्यांत रंग आणि रंगांची मधली द्रव्यं करणारेही होते. हे सगळं कलाभवनामुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल. तेल, रेल्वे, सरकारी धोरण ही कारणं मोठी होती. पण रसायन करता येणारं, रसायनाला न बिचकणारं शहर आधीपासून तयार होतं, हे खरंच आहे.

आता हिशेबाची गोष्ट. कृत्रिम रंग करायचा म्हणजे तीव्र आम्लं, मीठ, चुना आणि भरपूर पाणी. काही मधल्या द्रव्यांच्या बाबतीत तर हाती येणाऱ्या मालाच्या कित्येक पट टाकाऊ निघतं. आलेचा चोथा उकिरड्यावर कुजून माती होत असे. हे टाकाऊ कुजत नाही. पक्का रंग म्हणजे उन्हाला आणि पाण्याला न हटणारा रंग. जो गुण कापडावर हवाहवासा, तोच नदीत गेल्यावर शाप ठरतो.

हे पाणी मिनी नदीत उतरलं आणि मिनी सिंधरोटजवळ महीला मिळते. बडोदं महीकाठच्या विहिरींचं पाणी पितं. तेव्हा उपाय निघाला तो कालव्याचा. 1983 मध्ये सुमारे 55 किलोमीटर लांबीचा कालवा सुरू झाला. कारखान्यांनी शुद्ध करून सोडलेलं पाणी पादरा-जंबुसरच्या शिवारांतून नेऊन महीच्या मुखाशी, खंभातच्या आखातात सोडायचं, ही योजना. शहराच्या दृष्टीने ती शहाणपणाचीच होती. पण वाटेवरच्या पाण्याच्या तुटवड्यातल्या शेतकऱ्यांनी त्याच कालव्यातून पिकांना पाणी उचललं, आणि पादरा तालुक्यातल्या काही गावांत बोअरला लालसर पाणी लागल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. ज्यांनी रंग केला नाही, विकलाही नाही, त्यांच्या घागरीत तो आला.

महाराजांनी आजवा इथे सरोवर बांधून शहराला नळाचं स्वच्छ पाणी दिलं, तेही त्याच पिढीचं विज्ञान. एकाच दरबाराने रंगशाळाही दिली आणि तलावही. पुढच्या लोकांनी रंगशाळेचा धडा जोरात गिरवला आणि तलावाचा विसरून गेले. माल किती निघाला, हे वहीत लिहिलं. मागे काय उरलं आणि ते कुणाच्या दारात गेलं, याचा रकानाच आखला नाही. दोष विद्येला देता येणार नाही. वही लिहिणाऱ्यांना मात्र द्यावा लागेल, आणि त्या रंगाचे कपडे घातलेले आपणही त्यांच्यातच आलो.

आपल्या वारसा-फेऱ्या कलाभवनाच्या दारात सुरू होतात आणि तिथेच संपतात. एखादी फेरी मिनीच्या काठापर्यंत न्यावी, असं सुचवावंसं वाटतं. पादऱ्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विहिरीचं जुनं पाणी अजून आठवत असेल. कोणत्या सालापर्यंत ते गोड होतं, कोणती विहीर आधी सोडली, पाणी आणायला बायकांना किती लांब जावं लागलं, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं. कलाभवनाचे कागद दफ्तरात सुरक्षित आहेत. ही माहिती फक्त माणसांपाशी आहे आणि ती माणसं थकत चालली आहेत.