साखर, जिवाणू आणि मुखातील बुरशी

कोपरगाव तालुक्याची ओळख ऊस आणि साखर कारखान्यांची. साकरवाडी हे नावच पुरेसे बोलके आहे. हीच साखर मुखातील दोन सूक्ष्मजीवांचे सख्य जुळविते. 'कँडिडा अल्बिकन्स' ही बुरशी अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात निरुपद्रवीपणे वास करते. दात किडविणारा 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा जिवाणू एरवी तिला फारसा चिकटत नाही. मात्र साखर मिळाली, की त्याने स्रवलेले विकर बुरशीच्या कवचावरील मॅननला घट्ट धरते आणि तेथेच ग्लुकन हा चिकट पदार्थ तयार करते. त्यातून दातांवर जाड, आम्लधारी जैवपटल साचते. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बालकांचे दात झपाट्याने किडतात, त्यामागे बहुधा हीच जोडगोळी असते.

कवळीखाली तर बुरशीला आयतेच घर मिळते. जैवपटलाचे आवरण औषधाला अडवून धरत असल्याने केवळ बुरशीनाशकाने भागत नाही. कवळी रोज ब्रशने घासून रात्री काढून पाण्यात ठेवणे आवश्यक असते. टाळूवर लाली येते, पण ती बहुतेकदा दुखत नाही. दुर्लक्ष होते ते त्यामुळेच.