घरपट्टीचं बिल आणि वेल्सची विधानसभा

ब्रिटन म्हणजे इंग्लंड, असं आपण सहज बोलून जातो. स्कॉटलंडचं वेगळेपण निदान २०१४ च्या सार्वमतामुळे आपल्या कानावर आलं. वेल्सचं नाव मात्र फारसं निघत नाही. तिथली गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण तिच्या मध्यभागी राजा नाही, लढाई नाही. एक भाषा आहे आणि रेडिओवरचं एक भाषण आहे.

१५३६ च्या कायद्यानं वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि इंग्रजी न येणाऱ्याला सरकारी पद मिळेनासं झालं. तरीही भाषा टिकली. १५८८ साली बायबल वेल्शमध्ये आलं, प्रार्थनामंदिरात तीच भाषा राहिली. पुढे शाळा आल्या, कोळशाच्या खाणी आल्या, बाहेरून कामगार आले आणि चित्र पालटलं. १९११ मध्ये वेल्श बोलणारे सुमारे ४३ टक्के होते, ते १९६१ मध्ये २६ टक्क्यांवर आले.

१३ फेब्रुवारी १९६२ रोजी नाटककार साँडर्स ल्युइस बीबीसीवर वेल्शमधून बोलले. हे असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेल्श ही बोलती भाषा उरणार नाही, असं त्यांनी सांगितलं. (गंमत म्हणजे या गृहस्थांचा जन्म इंग्लंडातला, लिव्हरपूलजवळचा.) त्या भाषणात त्यांनी उदाहरण दिलं ते एका खाणकामगाराच्या घराचं. लानेलीजवळच्या खेड्यातल्या ट्रेफर आणि आयलीन बीझली या जोडप्यानं घरपट्टीचं बिल वेल्शमधून मागितलं. गावात वेल्श, परिषदेच्या सभासदांच्या घरी वेल्श. बिल मात्र इंग्रजीतच! बीझलींनी पैसे भरायचं नाकारलं. पुन्हापुन्हा कोर्टाचे समन्स आले, बेलिफ जप्ती घेऊन आले, घरातलं सामान उचलून नेलं. पियानोसुद्धा गेला. आठ वर्षांनी, १९६० मध्ये, दोन भाषांतलं बिल हातात पडलं. आपण सगळ्यांनी असंच करावं, एवढंच ल्युइस यांचं सांगणं होतं.

त्याच वर्षी तरुणांनी वेल्श भाषा संघटना काढली. १९६३ मध्ये त्यांनी अॅबरिस्टविथचा पूल अडवला. पुढे इंग्रजी पाट्यांवर रंग फासला, तुरुंगात गेले. त्यांच्या रागाला आणखी एक कारण होतं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव बुडवायचा कायदा १९५७ मध्ये संसदेनं केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानंही त्याच्या बाजूनं मत दिलं नाही. तरी धरण झालं, आणि १९६५ मध्ये शाळा, पोस्ट, प्रार्थनामंदिर, सगळं पाण्याखाली गेलं. आपले सगळे प्रतिनिधी एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे, हे लोकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याच वर्षी कार्मार्थनच्या पोटनिवडणुकीत ग्विनफॉर एव्हन्स निवडून आले. वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ते पहिले खासदार.

मग वेल्सला स्वतःची विधानसभा हवी होती का? १९७९ च्या सार्वमतात सुमारे ८० टक्के लोकांनी नको म्हटलं. दक्षिणेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना वाटलं, वेल्शवाले आपल्यावर राज्य करतील. उत्तरेकडच्या वेल्शवाल्यांना वाटलं, दक्षिणवाले आपल्याला गिळतील. माझ्या मते त्या दिवशी खरा प्रश्न उघडा पडला. चार-पंचमांश लोकांना जी भाषा येत नाही, तिच्या नावानं त्यांना एका घरात कसं बोलवायचं?

ते काम भाषेनं केलं नाही, लंडनच्या कारभारानं केलं. खाणी बंद झाल्या, १९८४-८५ चा संप मोडला. वेल्स एका पक्षाला मत देई आणि राज्य दुसऱ्याचं येई. वेल्सखात्याचे मंत्री जॉन रेडवुड इंग्लंडातल्या मतदारसंघाचे. १९९३ मध्ये वेल्सचं राष्ट्रगीत चालू असताना शब्द येत नसल्यानं ते नुसतेच ओठ आणि मान हलवत राहिले, आणि दूरचित्रवाणीवर ते सगळ्यांनी पाहिलं.

१८ सप्टेंबर १९९७ ला पुन्हा सार्वमत झालं. रात्रभर 'नको'वाले पुढे होते. बावीस जिल्ह्यांपैकी शेवटचा निकाल आला तो कार्मार्थनशरचा, आणि पारडं फिरलं. अकरा लाखांवर मतांत फरक अवघा ६,७२१. राजधानी कार्डिफनं विरोधात मत दिलं होतं. १९९९ पासून विधानसभा तिथंच भरते. २०११ मध्ये कायदे करण्याच्या वाढीव अधिकारांना मात्र ६३ टक्क्यांहून अधिक मतं पडली.

ल्युइस यांचा इशारा असा होता, की भाषेला मान मिळण्याआधी स्वराज्य आलं तर ती अधिकच लवकर मरेल. १९८५ मध्ये ते वारले, त्यामुळे पुढचं त्यांनी पाहिलं नाही. ज्या सभागृहात इंग्रजीच जास्त बोलली जाते, त्याच सभागृहानं केलेल्या २०११ च्या कायद्यानं वेल्शला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. २०२० पासून सभागृहाचं नावही वेल्श आहे, सेनेद. मला वाटतं, त्यांचं निदान बरोबर होतं, क्रम तेवढा चुकला.

आता २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषकांचं उद्दिष्ट आहे. २०२१ च्या जनगणनेत मात्र प्रमाण १७.८ टक्के भरलं. सर्वांत जास्त घसरण झाली ती कार्मार्थनशरमध्ये, ४३.९ वरून ३९.९ टक्के. तिथल्या भाषेची तक्रार घेऊन आता लंडनला नाही, कार्डिफला जावं लागतं.