फुगा फुटता कामा नये

रेगेन्सबर्गला गेलात तर डॅन्यूबवरचा जुना दगडी पूल तुम्ही पाहालच. याच गावात अठराव्या शतकात याकोब क्रिस्टियान शेफर नावाचे पाद्री राहत. बुरशी, कीटक, झाडपाल्याचा कागद, अगदी कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा. या माणसाला कशाचंच वावडं नव्हतं. १७५३ साली त्यांनी मेंढ्यांच्या यकृतातल्या चपट्या कृमींवर पुस्तिका काढली. असे कृमी शरीरातच आपोआप उपजतात, असं तेव्हा अनेक विद्वान मानत.

मेंढ्यांच्या यकृता-फुप्फुसांत आणखी एक गोष्ट सापडे, पाण्याने भरलेले फुगे. शेफरांचे कृमी वेगळे, पण कोडं तेच: हे येतं कुठून? १७६६मध्ये पालास यांनी हे फुगे प्राणिजन्य असावेत असं सुचवलं. १७८२मध्ये क्वेडलिनबुर्गच्या ग्योत्से यांना (हेही पाद्रीच!) सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आत पट्टकृमीची इवली डोकी दिसली. पुढे १८५०च्या सुमारास झीबोल्ड यांनी असे फुगे कुत्र्यांना खाऊ घातले आणि कुत्र्यांच्या आतड्यांत चिमुकले पट्टकृमी सापडले. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गवतावाटे मेंढीत जातात, मेंढीचे अवयव पुन्हा कुत्र्याला मिळतात. माणूस उगाच मध्ये सापडतो.

फुगा जिवंत आहे म्हटल्यावर तो फुटता कामा नये, हे सर्जनला कळलं. आतलं पाणी सांडलं तर त्यातल्या डोक्यांपासून नवे फुगे वाढू शकतात. तीव्र ॲलर्जीने जीवही जाऊ शकतो. ब्यूनोस आयर्सच्या पोसादास यांची फुप्फुसातला फुगा काढण्याची शस्त्रक्रिया १९००च्या सुमारास चक्क फिल्मवर घेतली गेली. लंडनच्या बॅरेट यांच्या नावाची पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते. फुग्यावरचं फुप्फुसाचं आवरण अलगद कापायचं, भूलतज्ज्ञाने फुप्फुसात हवा भरायची, की फुगा अख्खा बाहेर सरकतो. उरलेली पोकळी बहुधा टाके घालून मिटवतात.

मुलांचं फुप्फुस लवचीक, म्हणून फुगा त्यात भराभर वाढतो. पण काढल्यावर तेच फुप्फुस छान भरूनही येतं. त्यामुळे मुलांमध्ये फुप्फुसाचा भाग कापणं शक्यतो टाळतात. मोठ्यांमध्ये पू होऊन फुप्फुस निकामी झालं असेल तर कधी तो भाग काढावा लागतो. अल्बेंडाझोल गोळ्या आहेत, मात्र फुप्फुसातल्या मोठ्या फुग्यावर आधीच दिल्या तर तो फुटण्याची भीती असते.

हा फुगा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. एक्स-रेवर गोल सावली दिसली आणि परदेशातल्या डॉक्टरांनी सुई घालून पाहू म्हटलं, तर लहानपणच्या गावातली मेंढरं आणि अंगणातला कुत्रा, दोन्ही त्यांना आधी सांगा.