टेस्ट कोडची वाचनीयता

सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालते की नाही, हे तपासायला प्रोग्रामर जो वेगळा कोड लिहितात तो टेस्ट कोड. काय दिले, काय केले आणि काय मिळायला हवे होते, हे दुसरी फाइल न उघडता कळले तर तो वाचनीय. टेस्ट बहुधा फेल झाल्यावरच उघडली जाते आणि तेव्हा लिहिणारा जवळ असेलच असे नाही. म्हणून या गुणाला शोभेची बाब समजणे चूक आहे.

महाराष्ट्रात शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवण्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. अशा नोंदीच्या एखाद्या ॲपमध्ये समजा असा नियम आहे : पिकांचे एकूण क्षेत्र शेताच्या क्षेत्राहून जास्त भरता कामा नये. सोयगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे शेत ०.३० हेक्टर, म्हणजे ३० आर. त्यात ०.१० हेक्टर कपाशी आणि ०.२० हेक्टर तूर. हिशेब चोख आहे. पण बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत हे दशांश आकडे द्विमान पद्धतीने साठवले जातात आणि बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. ॲप म्हणते, क्षेत्र जास्त झाले, आणि खरी नोंद नाकारली जाते.

या नियमाच्या टेस्टचे नाव ‘क्षेत्र चाचणी ७’ असेल आणि आकडे कुठल्यातरी सामाईक सेटअपमध्ये असतील, तर फेल झाल्यावर निम्मा दिवस शोधाशोधीत जातो. ‘३० आर शेतात १० आर कपाशी आणि २० आर तूर नोंदता येते’ असे नाव असेल आणि तिन्ही आकडे तिथेच लिहिलेले असतील, तर वाचणारा तोंडी बेरीज करतो आणि त्याला कळते की नियम बरोबर आहे, बिघाड बेरजेत आहे. क्षेत्र आरमध्ये किंवा चौरस मीटरमध्ये पूर्णांकात ठेवले की प्रश्न मिटतो. अपेक्षित उत्तरही हाताने काढून लिहावे. मूळ कोडचेच सूत्र टेस्टमध्ये वापरले, तर दोघे मिळून चुकतात आणि टेस्ट पास होते.

केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये जेयुनिट हे टेस्ट लिहिण्याचे साधन तयार केले आणि प्रोग्रामरने स्वतः टेस्ट लिहिण्याची रीत जगभर रुळली. बिल वेक यांनी २००१ मध्ये टेस्टचे तीन टप्पे सांगितले : मांडणी, कृती, पडताळा. जेरार्ड मेस्झारोस यांच्या २००७ च्या ग्रंथात टेस्ट दुर्बोध करणाऱ्या दोषांना नावे आहेत. त्यांतला ‘मिस्टरी गेस्ट’ म्हणजे टेस्टच्या बाहेर दडलेली माहिती, जिच्यावर निकाल अवलंबून असतो पण जी वाचणाऱ्याला दिसत नाही.

नको तो तपशील टेस्टमध्ये भरणे हा याच्या उलटा दोष. सोयगाव ज्यात येते त्या औरंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. क्षेत्राच्या बेरजेची टेस्ट जिल्ह्याचे जुने नावही पडताळत असेल, तर नाव बदलताच ती विनाकारण फेल होते. निकाल ज्यावर ठरतो तेवढेच समोर ठेवावे. बाकीचे ‘नमुना शेत’ तयार करणाऱ्या फंक्शनकडे सोपवावे. मूळ कोडमध्ये पुनरावृत्ती टाळतात तितक्या कडकपणे ती टेस्टमध्ये टाळू नये. दोन टेस्टमध्ये त्याच चार ओळी पुन्हा आल्या, तरी वाचणाऱ्याची पायपीट वाचते. टेस्टमधली लूप आणि अटी मात्र काढून टाकाव्यात, नाहीतर त्या टेस्टचीच टेस्ट लिहावी लागेल.

मराठीतही हे काम होऊ शकते. पायथन ३ मध्ये फंक्शनचे नाव देवनागरीत देता येते. क्युकंबर या टेस्टच्या साधनातल्या गर्किन या लेखनपद्धतीत मराठी आहे. ‘पार्श्वभूमी’, ‘जेव्हा’, ‘मग’ या शब्दांनी प्रसंग लिहिता येतो. गावपातळीवरचे महसूल किंवा कृषी कर्मचारी तो वाचून नियम चुकला असल्यास सांगू शकतात. शेतीच्या किंवा महसुलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक ओळखणारी माणसे तीच असतात, म्हणून अशा कामात निदान टेस्टची नावे तरी मराठीत द्यावीत.