फियाटची धडधड

मी कवी माणूस. यंत्रातलं मला फारसं कळत नाही; पण लय चुकली की कानाला टोचते. ही सवय मला कवितेने लावली की अब्बांच्या फियाटने, हे आता सांगणं अवघड आहे.

अब्बांनी १९८५ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, तेव्हा मी शाळेत होतो. नवी गाडी घेणं आमच्या ऐपतीत नव्हतं. ज्यांच्या ऐपतीत होतं, त्यांनाही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ मध्ये तिचं पद्मिनी झालं. किती गाड्या काढायच्या हे सरकारचा परवाना ठरवी. त्यामुळे एकेक गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवायची आणि ती चालती ठेवायला मेकॅनिक हवा, असा सगळा मामला होता.

एकदा कात्रजच्या घाटात आमची फियाट दमली. ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप घेईना, आणि उभी राहिली की अंगात हीव भरल्यासारखी थरथरे. अब्बांनी ती नाना पेठेत वस्तादांकडे नेली. वस्तादांनी बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटं नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "भाईजान, चार भावांपैकी एक रुसलाय. कोण, ते बघू."

इंजिन चालू ठेवून त्यांनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर उपसली. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. तिसऱ्याला फरक पडला नाही. प्लग बाहेर काढला, तर टोकावर काळी काजळी. बिस्किटासारखा रंग असेल तर प्रकृती ठीक, काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही, पांढरट असेल तर हवा जास्त, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यांनी प्लग घासला, पॉइंटचं अंतर लावलं, कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ केले. गाडी गुणी मुलासारखी चालू लागली.

आठ दिवसांत पुन्हा तेच! या वेळी वस्तादांनी बॉनेटला हातच लावला नाही. टाकीतलं थोडं पेट्रोल तळहातावर घेतलं, उडून जाऊ दिलं आणि हात हुंगला. हात तेलकट राहिला होता. "दोष गाडीत नाही, टाकीत आहे," ते म्हणाले. पेट्रोलमध्ये रॉकेल होतं.

गरिबाच्या चुलीसाठी सरकार रेशनवर रॉकेल स्वस्त देई, पेट्रोल महाग. या दोन भावांमधल्या फरकावर एक मोठा धंदा उभा राहिला होता. आमच्या घरी तो थरथरीच्या रूपाने आला, म्हणून आम्ही वैतागून गप्प बसलो. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. बातमी वाचताना मला वस्तादांचा तो तेलकट तळहात आठवला. अब्बांनी तेव्हा तक्रार केली नव्हती. कुणीच करत नसे.

त्याआधी, १ फेब्रुवारी २००० पासून, देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं होतं. मुलांच्या मेंदूला ते घातक, म्हणून ते गेलं हे उत्तमच झालं. मात्र जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटची झीज तेच रोखत असे. ते गेल्यावर सीट झिजू लागल्या, व्हॉल्व्ह पुरता मिटेना, दाब गळू लागला आणि गाडी पुन्हा थरथरू लागली. वस्तादांच्या मुलाने कडक सीट बसवून कित्येक फियाट वाचवल्या. आमची मात्र तोवर विकली गेली होती.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एका मित्राने हौसेने जपलेली पद्मिनी हल्ली उभ्या-उभ्या धडधडू लागली, तेव्हा मी त्याला नाना पेठेतच घेऊन गेलो. वस्ताद आता नाहीत. मुलाने प्लग काढला. तो पांढरट होता. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. त्याने एक नंबर मोठा जेट घातला, फुगलेली रबरी नळी बदलली, आणि बॉनेट मिटण्याआधी बापासारखाच दोन मिनिटं ऐकत उभा राहिला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)