वाकळीचे पदर

विष्णुपुरीला गोदावरीच्या काठची थंडी बोचरी असते. अशाच एका सकाळी कुंपणावर उन्हात टाकलेली वाकळ आम्हाला दिसली. वरचे कापड धड होते, पण उसवलेल्या कोपऱ्यातून आतले पदर डोकावत होते : विटलेले लुगडे, त्याखाली धोतर, त्याखाली ओळखू न येणारे काहीतरी. वाकळ विरली की तिलाच आत घालून वरून नवे पदर शिवतात. त्यामुळे सर्वांत जुने कापड मधोमध सापडते.

कापडाच्या इतिहासात असा पुरावा दुर्मीळ. कापूस म्हणजे सेल्युलोज. जमिनीतले जिवाणू आणि बुरशी ते खाऊन टाकतात. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या दफनात माळेचा धागा मिळाला, तो मणी तांब्याचे होते म्हणून. तांब्याचे क्षार जिवाणूंना मारक ठरतात. पुढे पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथून साधे कापड आणि मलमल गाड्यांनी भडोचला जाई. कापड विकणाऱ्यांची नोंद झाली, फाटलेले सांधणाऱ्या बायांची मात्र कोणी घेतली नाही!

त्यांचे शास्त्र मात्र पक्के होते. फाटलेल्या कापडाचे ठिगळ चौकोनी लावले, की बहुधा कोपऱ्यापाशी पुन्हा टरकते. म्हणून जाणती बाई कोपरे गोल करते. १९१३ साली इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने पत्र्यातील छिद्रांचे गणित मांडले : छिद्राचे टोक जितके अणकुचीदार, तितका तिथे ताण अधिक. जहाजाच्या पत्र्याला आणि धोतराला नियम एकच. जुन्या कापडाला कोरे ठिगळही लावू नये. पहिल्या धुण्यात ते आटते आणि भोवतालचे विरलेले सूत ओढून तोडते. लावायचेच तर आधी दोनदा धुऊन घ्यावे.

अमेरिकेत एलियास हॉवे यांनी १८४६ साली टोकाशी नेढे असलेल्या सुईच्या यंत्राचे पेटंट घेतले. शिवणयंत्र पुढे आपल्याकडेही घरोघर आले, पण वाकळ हातच्या धावदोऱ्यावरच राहिली. जाड थर यंत्राखाली सरकत नाहीत, हे एक कारण. दुसरे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते : ऊब कापडापेक्षा पदरांत अडकलेल्या हवेची असते आणि दाट, घट्ट टाके ती हवा दाबून काढतात.

खरा बदल केला तो टेरिलीनने. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड व डिक्सन यांनी शोधलेला हा धागा सहसा विरत नाही, पण घामही फारसा टिपत नाही. अशा साड्यांची वाकळ अंगावरून घसरते. विष्णुपुरीच्या त्या वाकळीवरचे धड कापडही तसलेच होते.

वर्गात एवढे करून पाहा. सारख्या दोन डब्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एकाला जुन्या सुती कापडाचे चार पदर सैल गुंडाळा, दुसऱ्याला तेवढेच सुतळीने करकचून. दर पाच मिनिटांनी तापमान मुलांना फळ्यावर लिहू द्या.