वाड्यातला अंधार आणि हाडांचे दुखणे

१९२२ साली विलायतेतील ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात हचिसन आणि शहा या दोघांचा, लहान मुलांचा मुडदूस आणि मोठ्या वयात हाडे मऊ पडण्याचा विकार या दोहोंची कारणमीमांसा करणारा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यातील निरीक्षणे ज्या गावी झाली ते गाव मुंबई इलाख्यातील नाशिक होते. पंचवटी, काळाराम आणि सिंहस्थ यांच्या अनुषंगाने नाशिकचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु मनुष्याच्या अस्थी दुर्बळ का होतात, या प्रश्नाच्या उत्तरात या गावाचा जो वाटा आहे त्याचा उल्लेख आपल्याकडे अभावानेच होतो, आणि ही उणीव मला मनापासून बोचते.

त्या काळी युरोपात या प्रश्नावर तट पडले होते. लंडनच्या मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून, सदोष आहाराने मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो, असे १९१९ च्या सुमारास दाखवून दिले होते. ग्लासगोच्या वैद्यांचा भर मात्र कोंदट घरे आणि हालचालीचा अभाव यांवर होता. आणि त्याच १९१९ साली बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरणांनी आजारी मुलांची हाडे सुधारल्याचा पुरावा क्ष-किरण चित्रांनिशी पुढे ठेवला होता. त्याच्याही पूर्वी, १८९० मध्ये, जपानात मिशनरी वैद्य म्हणून राहून आलेल्या पाम यांनी देशोदेशींच्या सहकाऱ्यांकडून माहिती मागवून, जेथे ऊन विपुल तेथे मुडदूस नाही, असा निष्कर्ष काढला होता. या न्यायाने हिंदुस्थानात हा रोग औषधालाही सापडावयास नको होता. तरी तो सापडत होता.

नाशिकच्या निरीक्षणांनी या विसंगतीचा उलगडा केला. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या सधन मुसलमान आणि वरच्या थरातील हिंदू कुटुंबांत हा विकार सर्रास आढळला. आणि ज्यांच्या ताटात रोजच्या धान्यापलीकडे फारसे काही पडत नव्हते, त्या मोलमजुरी करणाऱ्या गरीब लोकांची मुले त्यापासून मुक्त होती. ज्याने जुन्या नाशकातील वाडे पाहिले आहेत त्याला हे निदान समजावून सांगावे लागत नाही. अरुंद बोळ, उंच भिंती, चौकात दुपारी तेवढा घटकाभर उतरणारा प्रकाश, ओटीपर्यंत पुरुषांचा वावर, आणि त्याच्या आत, दिवसाही दिवा लावावा असे माजघर, जेथे घरातील सुना आणि लेकी आपले तारुण्य काढीत. पहिले मूल झाले की अंधार आणखी दाट होई. कारण वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीची कवाडे बंद, खाटेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, आणि आईबरोबर अर्भकही सव्वा महिना त्याच काळोखात. उलट कुणब्याची बाई बांधावरच्या बाभळीला झोळी टांगून खुरपणीस लागे, आणि तिचे उघडे मूल दिवसभर उन्हासावलीत वाढे.

बाळंतिणीच्या आहाराविषयी मात्र आपल्या आजीबाईंची दृष्टी मार्मिक होती, हे न्यायाने म्हटले पाहिजे. अळीव, खसखस, खारीक, डिंक, शेपूची भाजी आणि जेवणानंतर चुना लावलेला विडा, या साऱ्या सरंजामातून तिच्या पोटात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, जाई. परंतु ते पोटात गेले म्हणजे हाडात पोहोचले असे होत नाही. उन्हाने त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व पुरेसे असेल तर आतडे अन्नातील कॅल्शियमपैकी ३० ते ४० टक्के शोषून घेते, आणि ते नसेल तर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर उतरते. एका हाताने दिलेले रूढी दुसऱ्या हाताने काढून घेत होती.

नाशिकमागोमाग इतरत्रही हेच दिसून आले. १९२५ मध्ये डॉ. ग्रेस स्टेपल्टन यांनी दिल्लीतील स्त्रियांच्या अस्थिमृदुतेविषयी लिहिले. १९२८ मध्ये काश्मीरच्या अनुभवावर आधारलेले, पडदा आणि मातृत्व यांविषयीचे डॉ. कॅथलीन व्हॉन यांचे पुस्तक निघाले, आणि पडद्यातील स्त्रियांची कटी वेडीवाकडी होऊन प्रसूती जीवघेणी ठरते, तर उघड्यावर राबणाऱ्या नाववाल्यांच्या बायका सुखरूप बाळंत होतात, हे त्यांनी कळकळीने मांडले. कित्येक घरांतील पहिलटकरणींच्या मृत्यूचा दोष प्रारब्धावर टाकला गेला. तो बंद कवाडांवर टाकावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

अस्थिमृदुता आणि अस्थिसुषिरता, म्हणजे आज घरोघर ऐकू येणारा ऑस्टिओपोरोसिस, हे दोन विकार भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. पहिल्यात हाड मऊ राहते. दुसऱ्यात हाडाची घडण ठीक असते, पण आतून जाळी विरत जाते आणि उतारवयात साध्या घसरण्याने मनगट, पाठीचा मणका किंवा खुबा मोडतो. बोस्टनचे फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास स्त्रियांतील या झिजेचा संबंध रजोनिवृत्तीनंतर आटणाऱ्या संप्रेरकाशी जोडला, आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाडांच्या घनतेच्या मोजणीवरून त्याची व्याख्या ठरविली. तथापि दोहोंचा पाया एकच, आणि तो साधारण तिशीपर्यंत भरला जातो. जात्यावर आणि उखळाशी बायकांचे कष्ट अमानुष होते, ते परत यावेत असे कोणी म्हणणार नाही; पण वजन पेलल्याने हाड बळावते, हा गुण त्या कष्टांत होता, आणि त्याची जागा भरून काढणारे काही आपण रोजच्या दिनक्रमात ठेवले नाही.

वाडे पडले, पडदा पुष्कळ अंशी गेला, पण अंधार गेला असे म्हणवत नाही. सदनिका, कार्यालय आणि मोटार यांच्या काचांतून उजेड येतो, ड जीवनसत्त्व घडविणारे अतिनील किरण येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते थोडेच असतात, दुपारच्या आसपास अधिक. आणि सावळ्या कांतीला ते अधिक वेळ घ्यावे लागतात. प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते आणि तिळात हजाराहून अधिक, तरी कोकण आणि मावळ सोडले तर शहरी स्वयंपाकघरातून नाचणी उठूनच गेली होती, आणि तीळ संक्रांतीपुरता उरला होता. हा आहार, चालणे-चढणे, तंबाखू आणि मद्य यांचा त्याग, एवढ्याने पुष्कळ साधते. सगळे साधत नाही, आणि ज्यांची हाडे एकदा विरली त्यांना झीज रोखणारी औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावीच लागतात.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. घरातील पन्नाशीपुढच्या आई, काकू, आत्या किंवा सासूबाई किरकोळ पडल्या आणि मनगट मोडले, तर प्लास्टर निघाल्यावर प्रकरण मिटले असे समजू नका. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व मोजून घ्या, न्हाणीघराची निसरडी फरशी बदला, आणि पुढचा खुबा मोडण्याच्या आत उपचार सुरू करा.